आगाऊ घातलेली गाऱ्हाणी

आमच्या संस्थेची एक गाडी आहे. विजयदुर्गच्या बाजूच्या वाड्यांतून डायलिसिसच्या पेशंटना घ्यायचं, ठरलेल्या वारी कणकवलीला न्यायचं आणि संध्याकाळी ज्याला त्याला घरी सोडायचं, एवढंच संस्थेचं काम. गाडी चालते ती मुंबईला नोकरीत असलेल्या इथल्याच लोकांच्या मदतीवर. त्या लोकांना गाडीची आठवण राहावी म्हणून फेसबुकवर संस्थेचं एक पेज आहे. ते मी सांभाळते.

पेजवर ‘आम्ही आपले आभारी आहोत’ असं लिहिलेलं असतं. त्यातलं ‘आम्ही’ म्हणजे मी एकटी. मला ते सोयीचं होतं. आमच्या घरात पुस्तकी मराठी बोलतात आणि माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मालवणी मला सगळी कळते, पण बोलायला गेले की समोरचा हसतो. म्हणून मी बोलत नाही, ऐकते.

हे काम मला सरांनी दिलं. सर संस्थेचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या पत्नी किडनीच्या याच आजाराने गेल्या. शेवटची वर्षं त्या एसटीने कणकवलीला जायच्या आणि येताना खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसायच्या, असं सर एकदाच बोलले होते. गाडीची कल्पना तिथून निघाली. “तुला या सगळ्याची सवय असेल,” असं म्हणून त्यांनी पेजचा पासवर्ड माझ्या हातात दिला.

आधी पेजवर शाल-श्रीफळाचे फोटो असायचे. ते कोणी बघत नसे. एकदा मी नाक्यावर उभ्या असलेल्या गाडीचा साधा फोटो टाकला. खाली कोणीतरी विचारलं, ‘मागच्या सीटवर निळं लुगडं दिसतंय, ती माझी आई का?’ मी जाऊन बघून आले आणि ‘हो’ लिहिलं. त्यानंतर मला कळलं की लोक आमच्या संस्थेकडे बघतच नाहीत. ते खिडकीत आपलं माणूस शोधतात. मग मी खिडक्यांचेच फोटो काढू लागले. मुंबईतून उत्तरं येऊ लागली. कोणी आईच्या हातातली पिशवी ओळखली, कोणी वडिलांची टोपी.

गाडीत एक काका यायचे. त्यांच्या वाडीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडेच होतं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यानंतर जमलेली माणसं ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. काका गाडीच्या दारात एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून उभे राहायचे आणि छोटंसं गाऱ्हाणं घालायचे. आतले सगळे व्हय म्हाराजा म्हणायचे, ड्रायव्हरसुद्धा, आणि मग तो चावी फिरवायचा.

मी ते शूट करायला गेले तेव्हा काका म्हणाले, “इंग्लिश, इलंस? तुझ्या मोबाईलाक मालवणी समजता मां?”

“काका, जरा इकडे बघता?”

“देवाकडे बघू की तुझ्याकडे? काय ता एक ठरव.”

मागच्या सीटवरून एक म्हातारी म्हणाली, “दोघांकडे बघ रे. नायतरी तू तिरळोच.”

गाडी हसली, काकाही हसले, आणि त्या हसण्यातूनच त्यांनी आवाज लावला. “बा देवा म्हाराजा, आज ही जी काय लेकरां ह्या गाडयेत बसली आसत, तेंका सुखरूप ने आणि सुखरूप परत हाड रे म्हाराजा.”

तो व्हिडिओ किती लांब गेला हे मला अजून नीट माहीत नाही. खाली एकाखाली एक ‘व्हय म्हाराजा’ उमटत गेलं. ठाण्यातून, पनवेलमधून, मस्कतहून. जी माणसं आम्हाला कधी उत्तर देत नव्हती ती आता पुढच्या गाऱ्हाण्याची वाट बघू लागली.

सरांनी त्याच सुमारास मोबाईलवर कसलंतरी प्रशिक्षण घेतलं होतं. सामाजिक संस्थांनी लोकांशी नातं कसं जोडावं, असा विषय होता. “सातत्य हवं,” ते म्हणाले. “सणाला पोस्ट गेलीच पाहिजे.” पण काकांची तब्येत उतरत होती. पाय सुजत होते, दारात उभं राहणं जमत नव्हतं. म्हणून सरांनी ठरवलं की वर्षाच्या सणांची गाऱ्हाणी एकाच दिवशी रेकॉर्ड करून ठेवायची. गणपतीची चवथ, दसरा, दिवाळी, शिमगा.

आषाढातल्या एका सकाळी आम्ही काकांच्या पडवीत गेलो.

“आगाऊ?” काका म्हणाले. “गाराणा आगाऊ घालतत खंय? देव इचारीत, लेकरां खंय आसत.”

“लेकरं मोबाईलवर आहेत, काका,” सर म्हणाले.

“मगे देवाचो पण नंबर घेवन ठेवा.”

पण ते तयार झाले. वेगवेगळे दिवस वाटावेत म्हणून दर वेळी सदरा बदलायचा होता. काकी आतून एकेक सदरा आणून देत होत्या. आवाज स्वच्छ यावा म्हणून सरांनी सगळ्यांना मागच्या दारी पाठवलं, कोंबड्या हाकलल्या, पंखा बंद केला. पडवीत काका आणि मोबाईल धरलेली मी, एवढेच उरलो. शिमग्याच्या गाऱ्हाण्यापर्यंत काका दमले होते. खांबाला हात लावून त्यांनी तेही पुरं केलं.

श्रावण संपता संपता ते गेले. चवथ अगदी तोंडावर होती. त्यांच्या घराला सुतक होतं, गणपती आणला नव्हता.

चवथीच्या सकाळी आमच्या घरी नारळ खवायचं चाललं होतं आणि माझा मोबाईल सारखा थरथरू लागला. मी उघडला. काका पांढऱ्या सदऱ्यात उभे होते आणि म्हणत होते, “बा देवा म्हाराजा, आज ह्या चवथीच्या दिवशी...”

सरांनी चारही व्हिडिओ पेजवर आधीच तारीखवार लावून ठेवले होते. ते आपोआप जाणार होते आणि पहिला गेला होता. सर सणासाठी आतल्या गावी त्यांच्या मूळ घरी होते, तिथे रेंज नाही. त्यांना न विचारता व्हिडिओ काढायचा मला धीर होईना, म्हणून मी फोन लावत राहिले. मध्ये मध्ये पेज बघत होते. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनी लिहिलं होतं, ‘काका, तब्येत सुधारलेली दिसते.’ ज्यांना कळलं होतं ते काहीच न लिहिता नुसते हात जोडत होते. दुपारी सरांचा फोन लागला तेव्हा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून इतका पुढे गेला होता की पेजवरून काढण्यात काही अर्थ राहिला नव्हता.

बारावं-तेरावं झाल्यावर मी सरांबरोबर काकांच्या घरी गेले. सर अंगणात पुरुषांबरोबर बसले. काकींनी मला आत स्वयंपाकघरात बोलावलं.

“त्या मोबाईलात लिवता ता तूच मां?”

मी मान हलवली.

“ते म्हणायचे, चेडू तोंड उघडणा नाय, पण सगळा लिवता.” त्यांनी माझ्यापुढे पाट सरकवला. “चवथीच्या दिवशी मी चुलीकडे होतंय. कुंपणाच्या गडग्यापलीकडसून तेंचो आवाज इलो. शेजाऱ्यांनी लावल्यानी असतलो. आमच्याकडे सुतक, आणि हे सांगतत, म्हाराजा, आज चवथीचो दिवस. मी उठान भायर गेलंय. माका वाटला अंगणात उभे आसत.”

काकींनी चुलीतलं लाकूड आत सारलं.

“मगे मी तो व्हिडिओ मागान घेतलंय. परत परत बघलंय. ते बोलतत आणि गप रवतत. परत बोलतत, परत गप रवतत. गाराण्यात तसाच रवाचा लागता, लोकांनी व्हय म्हणाक. पण थय कोण व्हय म्हणणाच नाय. कोणाची वाट बघतत ते?”

“सगळे मागच्या दारी होते,” मी म्हणाले. “आवाज येऊ नये म्हणून.”

“आणि तू?”

“मी मोबाईल धरला होता.”

त्यांनी मान डोलवली, जणू तेही बरोबरच होतं. मग विचारलं, “अजून तीन आसत मां तसले?”

“आहेत.”

“गाराणा घालूक उभो रवलेलो माणूस ता पुरा झाल्याशिवाय बसणा नाय. हेंका बसाक गावलाच नाय गो. हे जातले कसे?” पदराचं टोक त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. “माका बाकी कायेक नको. हेंका सुटाक होया.”

घरी आल्यावर मी ते उरलेले तीन व्हिडिओ उघडले. आवाज कापायच्या ॲपमध्ये बोलण्याच्या जागी उंचवटे दिसतात आणि न बोलण्याच्या जागी सरळ रेघ. काकांच्या प्रत्येक वाक्यानंतर सरळ रेघ होती. त्या रेघेवर बोट ठेवून चित्र थांबवलं की काका समोर बघत असायचे. समोर म्हणजे माझ्याकडे. भुवया किंचित वर, जसं कोणाचं उत्तर ऐकायला माणूस थांबतो.

त्या दिवसांत काका सगळीकडे होते. किराणा दुकानात कोणाच्या तरी खिशातून त्यांचा आवाज यायचा. शेजारची बाई तांदूळ निवडताना तो व्हिडिओ लावून ठेवायची. तिला तो शुभ वाटायचा. पेज उघडलं की पहिल्यांदा तेच दिसायचे, तोंड अर्धं उघडं. मी आवाज बंद केला तरी ते कुठे थांबतील हे मला पाठ झालं होतं, आणि त्या जागा आल्या की मी नकळत श्वास धरून ठेवत असे.

दसरा जवळ आला. मी सरांना काकींचं म्हणणं सांगितलं आणि व्हिडिओ काढून टाकूया असं सुचवलं.

सर चष्मा पुसू लागले. “लोक वाट बघतायत. काकांमुळे माणसं जोडली गेली. ती तुटली तर गाडीचं काय, हेही बघायला हवं.” मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, “आमच्या हिचा आवाज माझ्याकडे कुठेच नाही. असता तर मी तो पुसू दिला नसता.”

मी तसंच जाऊन काकींना सांगितलं. त्यांनी सरांवर राग धरला नाही. “पुसान काय होतला?” त्या म्हणाल्या. “अर्ध्यार सोडलेला गाराणा अर्ध्यारच रवतला. पुसू नको आणि त्या फेसबुकार पण टाकू नको. माणसांफुडे लाव. माणसा व्हय म्हणतली. मगे पूस.”

काकींचा निरोप ऐकून सरांनी उरलेल्या तिन्ही व्हिडिओंच्या तारखा रद्द केल्या.

पुढच्या फेरीला काकी सकाळी नाक्यावर आल्या. गाडी उभी होती, आतले नेहमीचे सगळे बसले होते. ड्रायव्हरने माझा मोबाईल गाडीच्या स्पीकरला जोडून दिला. काकांची जागा, दाराजवळची, मोकळी होती. मी दसऱ्याचं गाऱ्हाणं लावलं.

पहिल्या वाक्यानंतर कोणी काही बोललं नाही. माणसं बिचकली होती. दुसऱ्या वाक्यानंतर ड्रायव्हरने आरशात बघत म्हटलं, “व्हय म्हाराजा.” तिसऱ्याला सगळे होते. काकी बाहेर रस्त्यावर उभ्या होत्या, गाडीच्या पत्र्यावर तळहात टेकून. त्या म्हणत होत्या की नाही ते मला काचेतून कळलं नाही.

दसऱ्याचं झालं, दिवाळीचं झालं. शिमग्याचं सुरू झालं तशी मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, “शिमगो आताच काय रे म्हाताऱ्या, घाई कसली तुका?” दोघं-तिघं हसले. मग तिने खिडकीकडे तोंड फिरवलं आणि उरलेलं सगळं गाऱ्हाणं संपेपर्यंत तशीच बसली. पण व्हय म्हाराजा ती एकदाही चुकली नाही.

गाडी गेल्यावर नाक्यावर काकी आणि मी उरलो. मी त्यांच्यासमोर तिन्ही व्हिडिओ पुसले. त्यांनी मोबाईल हातात घेऊन ती रिकामी जागा बघितली.

“आणि चवथीचा?”

“ते आता लोकांकडे आहे, काकी. सगळ्यांच्या मोबाईलमध्ये. पण त्याला लोकांनी व्हय लिहिलंय. खूप जणांनी.”

“लिवन?”

“हो.”

“तोंडान म्हटल्यानी काय?”

“मला माहीत नाही.”

“इचार तेंका.”

ती पोस्ट लिहायला मला फार वेळ लागला. ‘आम्ही’ने सुरू केलेलं वाक्य पुढे जाईना. शेवटी मी लिहिलं की काका चवथीच्या आधीच गेले. जे तुम्ही पाहिलंत ते आषाढात घरी रेकॉर्ड केलेलं होतं. त्या वेळी व्हय म्हणायला तिथे कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नीची इच्छा आहे की ज्यांनी ते गाऱ्हाणं ऐकलं त्यांनी एकदा तोंडाने व्हय म्हाराजा म्हणावं. जमलं तर ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करून आम्हाला पाठवावं. मी त्यांना ऐकवेन. शेवटच्या वाक्यात ‘मी’ आलं ते माझ्या नंतर लक्षात आलं. बदललं नाही.

काही लोक रागावले. मेलेल्या माणसाचा व्हिडिओ सणाच्या दिवशी दाखवलात, असं म्हणून त्यांनी पेज सोडलं. एकाने संस्थेला बरंच काही ऐकवलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग मेसेजमध्ये आवाज येऊ लागले.

गाडी परतली की संध्याकाळी मी काकींच्या पडवीत जाऊन बसायचे. त्या माडाच्या चुडतांचे, म्हणजे झावळ्यांचे, हीर काढत असायच्या. पुढे त्यांचे झाडू बांधायचे असतात. मी एकेक आवाज लावायचे. व्हय म्हाराजा. कोणी दबक्या आवाजात, घरातले ऐकतील म्हणून. कोणी देवळात म्हणतात तसं दणदणीत. मागे मिक्सर, मागे टीव्ही, मागे लहान मूल. एका बाईंनी म्हटलं आणि रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्या, बराच वेळ नुसतं नळाचं पाणी पडत राहिलं. एका आवाजात शब्दच नव्हते, फक्त कोणीतरी घसा खाकरून थांबलं होतं. काकींनी तोही पुरा ऐकला.

मला त्या पडवीची भीती वाटायची. हे सगळे लोक कुठल्या कुठल्या खोल्यांत बसून एका माणसाला उत्तर देत होते, आणि तो माणूस याच खांबाला हात लावून उभा राहिला होता. एक आवाज संपून दुसरा सुरू होईपर्यंत जी फट असे तीत आता मला काका ऐकू यायचे. पाठ होतं ना सगळं. मी लवकर लवकर पुढचा आवाज लावायचे. काकी म्हणायच्या, “सावकाश गो. धावतंस खंय?”

सरांनी आवाज ऐकले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “हे एकत्र जोडून व्हिडिओ करूया. किती लोकांपर्यंत पोचेल.”

“नको,” मी म्हणाले.

मी त्यांना याआधी कधी नको म्हटलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

“ते पेजसाठी नाहीत, सर. काकांसाठी आहेत.”

सर परत त्याबद्दल बोलले नाहीत.

दिवाळी उलटल्यावर आवाज बदलू लागले. लोक व्हय म्हाराजा म्हणायचे आणि तिथेच न थांबता पुढे बोलायचे. एकाने आपल्या वडिलांबद्दल सांगितलं, त्यांनाही हाच आजार होता आणि तेव्हा गाडी नव्हती. एक मुलगी म्हणाली की ती आईशी रोज बोलते पण आई तब्येतीचं खरं सांगत नाही, तुम्ही बघून सांगाल का. मग काही जण मधलं व्हय म्हाराजा गाळूनच बोलू लागले. गाडी कुठल्या वारी येते, खारेपाटणपर्यंत येऊ शकेल का, आईला चढायला पायरी उंच पडते, एक स्टूल ठेवता येईल का.

त्या संध्याकाळी मी असेच तीन-चार आवाज लावले. काकींचा हीर काढणारा हात थांबला.

“गेले,” त्या म्हणाल्या.

“कोण?”

“हे.” त्यांनी मोबाईलकडे मान वळवली. “ह्या बोलण्यात आता ते नाय आसत. ही माणसा आता तुझ्याशी बोलतत.”

त्यांनी चुडत खाली ठेवलं, दोन्ही हात पदराला पुसले आणि खांबाकडे एकदा बघितलं. मीही बघितलं. तिथे काही नव्हतं. खांबाचा रंग हात लागून लागून एका जागी गेलेला होता, तेवढंच. काकी रडतील असं मला वाटलं होतं. त्या उठल्या, आत गेल्या, देवाजवळ दिवा लावून आल्या आणि परत जागेवर बसल्या.

“बंद करू?” मी विचारलं.

“कित्याक? लोक इचारतत मां काय काय. आयकूया.”

मी पुढचा आवाज लावला. मिठबावकडच्या एक बाई होत्या, मुंबईहून बोलत होत्या. सासऱ्यांचं डायलिसिस सुरू होणार होतं, घरात दुसरं कोणी नव्हतं. गाडी त्यांच्या वाडीपर्यंत येईल का, की रस्त्यावर येऊन उभं राहावं लागेल, असं त्या विचारत होत्या.

“येता काय गाडी थयसर?” काकींनी मला विचारलं.

“अजून नाही. सरांना विचारायला हवं.”

“मगे इचार. आणि तिका तोंडान सांग, लिवत बसू नको.”

मी मोबाईल तोंडाजवळ धरला. काकींनी चुडत परत मांडीवर ओढलं आणि मी काय बोलते ते ऐकत राहिल्या.